मोटारीच्या इंजिनातील ठोका : निदान आणि अनुकरणवाचक शब्द

बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील दिंद्रुड हे गाव उसाच्या टापूत येते. जवळच तेलगाव येथे सहकारी साखर कारखाना आहे. गळिताच्या हंगामात या भागातील रस्त्यांवर उसाने लादलेले ट्रॅक्टर आणि माणसांनी भरलेल्या जीपगाड्या यांची सारखी ये-जा असते. ज्याच्या घरी असे एखादे वाहन आहे त्याच्या दृष्टीने इंजीन ही चैनीची वस्तू नसून वर्षाच्या मिळकतीचे साधन होय. ते हंगामात बंद पडले तर दुरुस्तीचा खर्च वेगळा आणि बुडालेल्या खेपा वेगळ्या. अशा वाहनाच्या इंजिनातून अनोळखी आवाज येऊ लागला म्हणजे चालक मिस्त्रीला गाठतो, आणि गाडीचे झाकण उघडण्यापूर्वी त्याच्या हाती देतो तो एक शब्द. ‘मिस्तरी, चढावर गाडी टकटक करायलीय,’ असे कोणी म्हणाला, तर त्या एका वाक्यात निदानाचा अर्धा कच्चा माल आलेला असतो. हे कसे घडते आणि त्यात शब्दाचा वाटा किती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम त्या वाक्यातील क्रियापद पाहावे. ‘करायलीय’ हे मराठवाडी बोलीतील चालू वर्तमानाचे रूप आहे. ‘गाडी टकटक करते’ या विधानाने गाडीचा स्वभाव सांगितला जातो, तर ‘करायलीय’ने आता सुरू झालेली व चालू असलेली घटना सांगितली जाते. मिस्त्रीचा पुढील प्रश्न ‘कवापासून?’ असा असतो तो यामुळेच. ‘चढावर’ या शब्दाने इंजिनावरील भार कळतो. राहिला ‘टकटक’, आणि खरा प्रश्न त्याचाच आहे.

मराठी व्याकरणात अभ्यस्त शब्दांचे पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त आणि अनुकरणवाचक असे तीन प्रकार मानण्याची प्रथा आहे. ही विभागणी रूपापाशी थांबते. एका अनुकरणवाचक शब्दाऐवजी दुसरा का वापरला जातो, याचे उत्तर ती देत नाही. प्रश्न मात्र फार जुना आहे. यास्काने निरुक्तात पक्ष्यांची नावे बहुशः त्यांच्या आवाजाच्या अनुकरणाने पडली आहेत असे म्हटले, आणि तेथेच औपमन्यवाचे विरुद्ध मतही नोंदविले की शब्दात असे अनुकरण नसतेच. सोस्यूरच्या १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत हाच वाद वेगळ्या वेषात येतो. अनुकरणवाचक शब्द थोडे, भाषेच्या गाभ्याबाहेरचे आणि बऱ्याच अंशी संकेतानेच ठरलेले, असे म्हणून त्याने ते बाजूला ठेवले. फ्रेंच भाषेपुरते हे चालून जाईल. मराठीत, किंबहुना भारतातील बहुतेक भाषांत, या शब्दांचे पीक इतके अमाप आहे की त्यांना कडेला सारणे योग्य नव्हे. एमेनो यांनी १९६९ मध्ये द्राविड व भारतीय आर्य भाषांतील अशा शब्दांचा एकत्र अभ्यास करून त्यांना भारतीय भाषाक्षेत्राचे एक समाईक लक्षण ठरविले, ते या संदर्भात महत्त्वाचे आहे.

मराठीतील ठोक्याचे शब्द एका ओळीत मांडले तर त्यांतील व्यवस्था दिसू लागते : टिकटिक, टकटक, खटखट, ठकठक, धडधड. स्वर ‘इ’ असला की आवाज बारीक, हलका व उंच पट्टीचा. ‘अ’ आला की मध्यम. अल्पप्राण अघोष ‘ट’चा आघात कोरडा व नेमका, महाप्राण ‘ठ’ आला की त्याला वजन येते, घोष महाप्राण ‘ध’ आला की आवाज जड, खोल व पसरट होतो. शेवटी अनुनासिक आला, जसे खणखण, किणकिण, ठणठण यांत, तर आघातानंतर रेंगाळणारा नाद सूचित होतो. द्विरुक्ती ही आवर्तनाची खूण असून एकच आघात सांगावयाचा असता मराठी ‘खटकन’, ‘धपकन’ असे म्हणते, आणि आवाजाचा कल्लोळ सांगावयाचा असता ‘खडखडाट’ असे नाम घडविते. एकदाच झालेला, सुटा सुटा येणारा आणि अखंड चाललेला आवाज हे तीन वेगळे आहेत, आणि इंजिनाच्या बाबतीत तो भेद नेमका कामाचा असतो. ‘इ’ बारीक आणि ‘अ’ मोठा असे ऐकणाऱ्यास वाटते, हे सपीर यांनी १९२९ मध्ये निरर्थक शब्दांच्या साहाय्याने प्रयोगाने दाखविले होते. त्यामागे ध्वनिशास्त्रीय कारण आहे : ‘इ’च्या उच्चारात ध्वनिशक्तीचा दुसरा पुंजका सेकंदास दोन हजार आवर्तनांच्या वर पडतो, ‘उ’ आणि ‘ओ’ यांच्या उच्चारात तो बराच खाली येतो.

आता इंजिनाकडे वळू. कोशकारांनी पिस्टनला दट्ट्या आणि बेअरिंगला धारवा असे शब्द दिले आहेत. ते चांगले आहेत, परंतु गॅरेजमध्ये ते कोणी उच्चारत नाही, म्हणून येथेही पिस्टन व बेअरिंग हेच शब्द ठेवले आहेत. चार फेऱ्यांच्या इंजिनात क्रँक दोनदा फिरते तेव्हा प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा ज्वलन होते आणि झडपा उघडणारी कॅम एकदा फिरते. इंजीन मिनिटाला ८०० फेऱ्यांनी संथ चालत असता क्रँक सेकंदाला तेरा वेळा आणि कॅम जेमतेम सात वेळा फिरते. म्हणून झडपांच्या टॅपेटमधील फट वाढली असता येणारा आवाज इंजिनाच्या निम्म्या लयीचा असतो. तो हलका व कोरडा असून भार वाढला तरी फारसा बदलत नाही. याला टिकटिक हाच शब्द शोभतो, आणि ही टिकटिक त्रासदायक असली तरी सहसा घातक नसते.

पिस्टनच्या पिनेचा, म्हणजे मिस्त्रीच्या भाषेत गजनपिनेचा, आवाज स्पष्ट धातूचा असून संथ गतीत दुहेरी ऐकू येतो : खट-खट, खट-खट. झिजलेला पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटतो तेव्हा आवाज पोकळ येतो. तो थंड इंजिनात अधिक असतो आणि इंजीन तापून पिस्टन प्रसरण पावला की कमी होतो. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाचे बेअरिंग ढिले झाले तर ठकठक असा वजनदार, वेगाबरोबर वाढणारा आवाज येतो आणि अॅक्सिलरेटर सोडताक्षणी तो विशेष उघडा पडतो. ‘इंजीन ठोका मारते’ असे म्हणतात ते मुख्यत्वे याला. क्रँकच्या मेन बेअरिंगचा आवाज याहूनही खोल; तो कानापेक्षा पायाखाली जाणवतो, भार घेताना वाढतो, आणि त्यासोबत तेलाचा दाब उतरलेला आढळतो. शेवटच्या या दोन आवाजांपैकी कोणताही ऐकू आला तर गाडी तेथेच थांबविणे शहाणपणाचे. बेअरिंग तुटून कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला की दुरुस्तीचा प्रश्न संपतो आणि नव्या इंजिनाचा सुरू होतो. टिकटिक ऐकून इंजीन उघडणारा आणि ठकठक ऐकूनही ‘एवढी खेप होऊ द्या’ म्हणणारा, दोघेही नुकसानीत जातात, दुसरा अधिक.

ज्वलनाचा ठोका ही याहून निराळी गोष्ट आहे. पेट्रोल इंजिनात ठिणगीपासून निघालेली ज्योत पसरत असता उरलेले मिश्रण दाबाने व उष्णतेने आपोआप एकदम पेटते, दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात आणि सिलिंडर घंटेसारखा नादतो. ८० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये या नादाची वारंवारता सेकंदास सुमारे सात हजार आवर्तने इतकी येते. हा आवाज ठोक्याचा नव्हेच. तो किणकिणाट होय. चढावर, कमी वेगात, वरच्या गिअरमध्ये गाडी ओढत असता तो येतो आणि अॅक्सिलरेटर सोडला की जातो. हलके पेट्रोल, वेळेआधी पडणारी ठिणगी, डोक्यात साचलेला कार्बन आणि तापलेले इंजीन ही त्याची नेहमीची कारणे. डिझेल इंजिनात प्रकार उलटा आहे : तेथे ठोका ज्वलनाच्या अखेरीस नव्हे तर आरंभीच पडतो, कारण फवारलेले तेल पेटण्यास उशीर लागला की साठलेले सारे एकदम भडकते. म्हणून थंडीच्या सकाळी सुरू केलेला डिझेल ट्रॅक्टर निरोगी असूनही ठणठणतो. ऐकणाऱ्याने तो पार्श्वध्वनी वगळून विशेष तेवढेच ऐकावयाचे असते.

इंग्रजीत यांतील बहुतेकांना ‘नॉक’ हा शब्द लावला जातो. मराठीत तो ‘नॉकिंग’ या रूपाने आला तो आपली संदिग्धता घेऊनच. इंधन-संशोधनाच्या इतिहासात या शब्दाला भारदस्त स्थान आहे. १९२१ च्या डिसेंबरात अमेरिकेत मिजली यांनी टेट्राएथिल शिशाने पेट्रोलचा ठोका दबतो हे शोधून काढले. त्या विषारी उपायातून भारतातील पेट्रोल २००० साली मुक्त झाले आणि जगातील शेवटचा देश, अल्जीरिया, २०२१ साली. आज ते काम काही अंशी इथेनॉल करते, आणि ते बीडसारख्या जिल्ह्यांतील उसापासूनही निघते, हा योगायोग नमूद करण्यासारखा आहे. परंतु चालक जेव्हा ‘नॉकिंग आहे’ असे म्हणतो तेव्हा तो आवाजाचे वर्णन करीत नाही, निकाल सांगतो. आणि तो निकाल इंधनाविषयी आहे की बेअरिंगविषयी हे त्या शब्दात नसते. ‘किणकिण’ आणि ‘ठकठक’ यांत मात्र ते असते. पर्स यांच्या परिभाषेत बोलावयाचे तर इंजिनातील ठोका ही धुरासारखी निर्देशक खूण, ‘ठकठक’ ही सादृश्याची खूण आणि ‘नॉकिंग’ हा मराठी बोलणाऱ्यापुरता निव्वळ संकेत. पहिलीकडून तिसरीकडे जाताना माहिती गळत जाते.

अर्थात शब्दाने निदान पुरे होत नाही. नैयायिकांच्या भाषेत, ठोका हा व्यभिचारी हेतू आहे : ढिली पुली, सुटलेली फ्लायव्हील, फुटलेले सायलेन्सर गॅस्केट यांच्याबरोबरही तो आढळतो. म्हणून मिस्त्री परीक्षा घेतो, आणि तिची रीत वर्णविचाराच्या अभ्यासकाला ओळखीची वाटेल. शब्दातील एक ध्वनी बदलून अर्थ बदलतो का हे पाहून भाषाशास्त्रज्ञ वर्ण ठरवितो. मिस्त्री एकेका सिलिंडरचे ज्वलन बंद करून आवाज बदलतो का हे पाहतो. जुन्या पेट्रोल इंजिनात एका प्लगची ठिणगी तोडून, जुन्या डिझेल इंजिनात एका इंजेक्टरचा नट किंचित सैल करून हे साधते. ज्या सिलिंडरपाशी ठकठक मंदावली, तेथील मोठ्या टोकाचे बेअरिंग संशयित. शेजारचे दोन सिलिंडर एकदम बंद केल्यावरच फरक पडला तर त्यांच्यामधले मेन बेअरिंग पाहावे. कशानेच फरक पडला नाही तर टॅपेट किंवा इंजिनाबाहेरचे काही. क्लच दाबताच आवाज बदलला तर क्रँक आडवी सरकत आहे. थंडीत असणारा व गरमीत नसणारा आवाज हा तर परिस्थितीने नियत झालेल्या उच्चारभेदाचाच नमुना म्हणावा. जागा शोधण्यासाठी लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनावर व मूठ कानाच्या हाडावर टेकवितात. १८१६ मध्ये लेनेक यांनी कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली, त्याच युक्तीचा हा धातूचा भाऊ.

कॉमन रेल पद्धतीच्या नव्या डिझेल गाड्यांत मात्र इंजेक्टरचा नट चालत्या इंजिनावर कधीही सैल करू नये. तेथील तेलाचा दाब हजार बारहून अधिक असतो आणि ती सूक्ष्म धार कातडी भेदून शरीरात शिरते. नव्या पेट्रोल गाड्यांतही प्लगची ठिणगी तोडण्याने कॉइल व सायलेन्सरमधील उत्प्रेरक बिघडू शकतो. अशा गाडीत सिलिंडर बंद करण्याचे काम संगणकाला जोडलेल्या यंत्राकडून करवून घ्यावे लागते. ज्वलनाचा ठोका ऐकण्यासाठी तिच्या ब्लॉकवर स्फटिकाचा एक कानही बसविलेला असतो. तो सिलिंडरच्या नादाच्या वारंवारतेच्या आसपासचेच ऐकतो आणि किणकिण कानी पडताच ठिणगी मागे सारतो. खोल पट्टीतील ठकठक त्याच्या कक्षेबाहेर असते. उलट एखाद्या सैल भागाचा आवाज त्याच्या पट्टीत पडला तर त्यालाच किणकिण समजून तो विनाकारण ठिणगी मागे नेतो. मग चालक गाडी ओढत नाही म्हणून तक्रार घेऊन येतो, आणि मिस्त्रीला पुन्हा विचारावे लागते की आवाज नेमका कसा येतो.