ट्रॅक्टरचा ऑइल फिल्टर : स्वस्त आणि खात्रीचा कसा निवडावा?

ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षवेलीवरील डोळे फुगू लागले की उडद्या भुंगेरे त्यांच्याकडे वळतात. भुंगेऱ्यांनी फुटता डोळा पोखरला, तर त्या डोळ्यातून निघणाऱ्या घडाची आशा संपते. याच सुमारास पाऊस झाला, तर केवड्याचेही संकट उभे राहते. अशा वेळी बागायतदाराच्या हाती काही दिवसांचा, कधी कधी काही तासांचाच अवधी असतो. त्या अवधीत फवारणी यंत्र चालविणारा छोटा ट्रॅक्टर बंद पडला, तर किडीच्या निरीक्षणाला, योग्य औषधाच्या निवडीला आणि अचूक मात्रेला काही अर्थ उरत नाही. पीक संरक्षणाचे वेळापत्रक शेवटी यंत्राच्या प्रकृतीवर अवलंबून असते.

इंजिनाची झीज रोखणाऱ्या भागांमध्ये ऑइल फिल्टर हा सर्वांत स्वस्त भागांपैकी एक आहे. कदाचित म्हणूनच त्याची निवड सर्वांत कमी विचाराने होते. दुकानदार हाती देईल तो फिल्टर बसविला जातो, किंवा महागडा तोच चांगला असे मानून अनावश्यक पैसे मोजले जातात. या दोन टोकांच्या मधला मार्ग कोणता, याचा विचार या लेखात केला आहे.

बेंगळुरूचा संदर्भ

महाराष्ट्रातील द्राक्ष आणि डाळिंब बागांत फिरणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरांचे बेंगळुरूशी जुने नाते आहे. व्ही. एस. टी. टिलर्स ट्रॅक्टर्स ही कंपनी १९६७ मध्ये याच शहरात स्थापन झाली आणि जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्याने तिचे पॉवर टिलर देशभर पोहोचले. तिचा सुमारे १८ अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरचा छोटा ट्रॅक्टर नाशिक-सांगलीकडच्या बागायतदारांच्या परिचयाचा आहे. ग्रामीण भागात डिझेल पंपासाठी ज्या ‘मायको’ नावाचा सर्रास वापर होई, ती १९५१ मध्ये स्थापन झालेली कंपनी, म्हणजे आजची बॉश, हिचा मोठा कारखाना बेंगळुरूच्या आडुगोडी भागात होता.

शहरातील जे. सी. रोड, म्हणजे जयचामराजेंद्र रस्ता, हा वाहनांच्या सुट्या भागांसाठी ओळखला जातो. पुण्याच्या नाना पेठेत गेलेल्या शेतकऱ्याला तेथील दृश्य नवे वाटणार नाही. दरवर्षी साधारणतः नोव्हेंबरमध्ये कृषी विज्ञान विद्यापीठाच्या जीकेव्हीके परिसरात भरणाऱ्या कृषी मेळ्यासाठी येणारे शेतकरी परतताना अशा बाजारात सुटे भाग घेतात. अशा बाजारपेठेत एकाच इंजिनाला बसणारे तीन-चार किमतींचे फिल्टर समोर ठेवले जातात. डबे सारख्या आकाराचे, रंग आकर्षक आणि आतले काहीच दिसत नाही. मग निवड कशाच्या आधारे करावी?

डब्याच्या आत काय असते?

आजच्या बहुतेक ट्रॅक्टरांवर आट्यांवर फिरवून बसविण्याचा बंद डब्याचा फिल्टर असतो. काही इंजिनांत केवळ आतील कागदी गाळणी बदलावी लागते, तर काही लहान इंजिनांत धुऊन वापरण्याजोगी धातूची जाळी असते. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये पंपाकडून दाबाने येणारे तेल कडेच्या छिद्रांतून आत शिरते, घड्या घातलेल्या गाळण कागदातून जाते आणि मधल्या छिद्रयुक्त नळीतून इंजिनाच्या बेअरिंगांकडे निघते. या प्रवासात चार भागांची परीक्षा होते.

पहिला भाग गाळण कागदाचा. स्वस्त फिल्टरमध्ये राळेचा संस्कार केलेला सेल्युलोज कागद असतो. महागड्या फिल्टरमध्ये त्यात कृत्रिम किंवा काचेचे तंतू मिसळलेले असतात. सेल्युलोज कागद हा काही दोष नाही. कागद पुरेसा असेल, घड्या समान अंतरावर असतील आणि दोन्ही टोके नीट चिकटविलेली असतील, तर नेमून दिलेल्या तासांपर्यंत तो आपले काम चोख करतो. निकृष्ट फिल्टरमध्ये कागद कमी वापरलेला असतो किंवा त्याचा जोड सुटतो. जोड सुटला की तेल कागदातून न जाता फटीतून जाते आणि वरून काहीच कळत नाही.

दुसरा भाग बायपास व्हॉल्व्हचा. थंडीत तेल घट्ट असताना किंवा कागद गच्च भरल्यावर हा व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेले का होईना, पण तेल बेअरिंगांपर्यंत पोहोचू देतो. तेलाविना इंजिन काही क्षणांत जाम होऊ शकते, त्यापेक्षा हे बरे. मात्र त्याची स्प्रिंग कमजोर असेल, तर व्हॉल्व्ह वेळेआधीच उघडतो आणि बरेचसे तेल कायम न गाळताच फिरत राहते. काही इंजिनांत हा व्हॉल्व्ह फिल्टरऐवजी इंजिनाच्या अंगातच बसविलेला असतो. त्यामुळे ‘आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला’ हा समज धोक्याचा आहे.

तिसरा भाग तेल मागे वाहू न देणाऱ्या रबरी झडपेचा. इंजिन बंद असताना फिल्टरमधील तेल ती आत धरून ठेवते. ती कडक झाली किंवा मुळातच निकृष्ट असली, तर सकाळी इंजिन सुरू केल्यावर ऑइलचा दिवा विझण्यास नेहमीपेक्षा अधिक वेळ लागतो. तेवढा वेळ बेअरिंगे जवळपास कोरडी फिरतात.

चौथा भाग रबरी वॉशर आणि आट्यांचा. पाऊण इंच व्यासाचे इंची आटे आणि २० मिलिमीटर व्यासाचे मेट्रिक आटे दिसायला जवळपास सारखे असतात. मेट्रिक आट्यांचा फिल्टर इंची बोल्टवर सैलसर चढतोही. परंतु तेलाचा दाब वाढताच तो निसटण्याचा आणि सर्व तेल बाहेर फेकले जाण्याचा धोका असतो.

मायक्रॉनचा आकडा कसा वाचावा?

माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाडीचा असतो. बेअरिंगमधील तेलाचा थर काही मायक्रॉनांचाच असल्याने त्याहून मोठे, कठीण कण तेथे कानशीप्रमाणे घासतात. अमेरिकेतील ऑटोमोटिव्ह अभियंत्यांच्या सोसायटीने १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात ४० मायक्रॉनच्या गाळणीच्या तुलनेत ३० मायक्रॉनच्या गाळणीने इंजिनाची झीज ५० टक्क्यांनी, तर १५ मायक्रॉनच्या गाळणीने ७० टक्क्यांनी घटल्याचे नोंदविले होते.

तथापि डब्यावर केवळ ‘२० मायक्रॉन’ असे लिहिणे म्हणजे उगवणक्षमतेचा टक्का न सांगता बियाणे विकण्यासारखे आहे. त्या आकाराचे किती कण अडतात, हे कळले पाहिजे. यासाठी बीटा गुणोत्तर वापरतात. २० मायक्रॉनला बीटा ७५ याचा अर्थ, त्या आकाराचे किंवा त्याहून मोठे ७५ कण फिल्टरमध्ये शिरले, तर एकच पलीकडे जातो. म्हणजे कार्यक्षमता सुमारे ९८.७ टक्के. बीटा २ असेल, तर निम्मे कण सुटतात. ही चाचणी आयएसओ ४५४८ या मानकानुसार केली जाते. उत्पादकाच्या माहितीपत्रकात हा उल्लेख असणे ही भरवशाची एक खूण होय.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. डिझेल इंजिनाचे तेल काही तासांतच काळे होते, म्हणून फिल्टर निकामी ठरत नाही. काजळीचे सुटे कण एक मायक्रॉनहूनही लहान असतात. ते तेलात विखुरलेले ठेवणे हे तेलातील रसायनांचे काम आहे. उलट, इंजिनात शिरणारी मातीची धूळ मुख्यतः हवेच्या वाटेने येते. एअर क्लीनरची निगा न राखता महागडा ऑइल फिल्टर घेणे म्हणजे बांध फुटलेल्या शेतात पाणी भरणे होय.

स्वस्त म्हणजे किती स्वस्त?

समजा, एक फिल्टर १८० रुपयांना आणि दुसरा ३२० रुपयांना मिळतो. तेल व फिल्टर २५० तासांनी बदलावयाचे असतील, तर १४० रुपयांचा फरक ताशी ५६ पैसे पडतो. डिझेल लिटरला ९० रुपये धरल्यास हे सुमारे सहा मिलिलिटर डिझेल झाले, म्हणजे चहाच्या चमच्याहून किंचित अधिक. एवढ्या बचतीसाठी अनोळखी फिल्टर बसविणे आणि पुढे रिंग, बेअरिंग व क्रँकच्या कामाला सामोरे जाणे परवडणारे नाही.

याचा अर्थ सर्वांत महाग फिल्टरच घ्यावा असा मात्र नाही. ट्रॅक्टर कंपन्या बहुधा स्वतः फिल्टर बनवीत नाहीत. त्या फिल्टर उत्पादकांकडून घेतात आणि आपल्या नावाच्या खोक्यात विकतात. तेच उत्पादक स्वतःच्या नावानेही खुल्या बाजारात फिल्टर आणतात आणि त्यांची किंमत अनेकदा कमी असते. पुण्याची फ्लीटगार्ड, फरीदाबादची एलोफिक, तसेच बॉश ही अशा नामांकित उत्पादकांची काही उदाहरणे आहेत. हा उल्लेख शिफारस म्हणून नव्हे, तर माहितीसाठी आहे. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतील भाग क्रमांक पाहावा आणि उत्पादकाच्या तक्त्यात त्याच्याशी जुळणारा क्रमांक शोधून तोच फिल्टर घ्यावा. कमी खर्चात खात्री मिळविण्याचा हा सर्वांत सरळ मार्ग आहे. हमीच्या काळात मात्र ट्रॅक्टर कंपनीच्या अटी आधी वाचाव्यात.

दुकानात घ्यावयाची काळजी

• खोक्यावर उत्पादकाचे नाव व पत्ता, निर्मितीचा महिना व वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक तक्रार क्रमांक छापलेला आहे का, ते पाहावे. वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार ही माहिती आवश्यक आहे.
• खोक्यावरील आणि डब्यावरील क्रमांक एकच असावा. पडताळणीचा कोड असल्यास तो दुकानातच मोबाइलवर तपासावा.
• आटे स्वच्छ कापलेले असावेत. आत धातूचा कीस, गंज किंवा धूळ दिसल्यास फिल्टर परत करावा.
• रबरी वॉशर खाचेत सर्व बाजूंनी सारखा बसलेला आणि लवचीक असावा. छिद्रांतून दिसणारी झडप मऊ असावी.
• वजनावरून पारख करू नये. जाड पत्र्याच्या आत कमी कागद असू शकतो.
• पक्के बिल घ्यावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दाद मागताना तोच आधार असतो.
• खरेदीनंतर फिल्टर मूळ वेष्टनातच ठेवावा. उघड्या छिद्रांत धूळ जाते आणि कुंभारमाशीसारखे कीटक मातीचे घरही करतात.

बसविताना होणाऱ्या चुका

चांगला फिल्टरही चुकीचा बसविला तर वाया जातो. जुना फिल्टर काढल्यावर त्याचा वॉशर इंजिनाला चिकटून राहिलेला नाही ना, हे हाताने चाचपून पाहावे. दोन वॉशर एकावर एक आले की गळती ठरलेलीच. नव्या वॉशरला स्वच्छ तेलाचे बोट लावावे. वॉशर टेकल्यावर उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे, बहुधा पाऊण फेरा, हातानेच आवळावा. पान्याने करकचून आवळू नये. त्यानंतर इंजिन काही मिनिटे चालवून गळती पाहावी, बंद करून थोड्या वेळाने तेलाची पातळी तपासावी.

कागदी फिल्टर डिझेलमध्ये धुऊन पुन्हा वापरण्याची पद्धत अनेक गावांत आढळते. ती सर्वथा टाळावी. धुतल्याने कागद व त्याचे जोड कमकुवत होतात आणि आतल्या बाजूस गेलेली घाण थेट बेअरिंगांकडे जाते. तेल बदलताना फिल्टर जुनाच ठेवणेही तोट्याचे आहे. त्यात अडकलेले जुने तेल नव्या तेलात मिसळते.

जुना फिल्टर कापून पाहावा

कामगंध सापळ्यातील पतंग मोजल्यावाचून फवारणीचा निर्णय घेऊ नये, असे विस्तार कार्यकर्ते शेतकऱ्यांना सांगतात. हाच निरीक्षणाचा नियम येथेही लागू पडतो. काढलेला फिल्टर रात्रभर उलटा ठेवून तेल निथळू द्यावे, मग डबा उघडावा. हॅकसॉने कापल्यास त्याचा कीस आत पडतो. शक्य असल्यास फिल्टर कापण्याची कटरच वापरावी. घड्या पसरून पाहाव्यात आणि त्यांवरून लोहचुंबक फिरवावे.

घड्या सलग, मधली नळी गोल आणि वॉशर मऊ असेल, तर तो फिल्टर पुन्हा घेण्यास हरकत नाही. घड्या फाटल्या असतील, टोके सुटली असतील किंवा नळी चेपली असेल, तर किंमत काहीही असो, तो पुन्हा घेऊ नये. चुंबकाला बराच कीस चिकटला किंवा पिवळसर चकाकणारे कण दिसले, तर दोष फिल्टरचा नसून इंजिनातील झिजेचा इशारा आहे. मेकॅनिकला त्वरित दाखवावे. नव्या ट्रॅक्टरच्या पहिल्या सर्व्हिसिंगच्या वेळी थोडा कीस मिळणे स्वाभाविक असते.

शिवारफेरीत किंवा शेतीशाळेत असे चार-पाच वापरलेले फिल्टर शेजारी शेजारी कापून ठेवले, तर शेतकऱ्यांना तासाभराच्या भाषणापेक्षा अधिक कळते. प्रत्येकावर ब्रँड, किंमत आणि चाललेले तास लिहावेत. गावात कोणता फिल्टर टिकतो, याची नोंद दोन हंगामांत तयार होईल. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी या नोंदीच्या आधारे अधिकृत वितरकाकडून सभासदांची वर्षभराची गरज एकत्रित खरेदी केली, तर किंमतही उतरवून घेता येईल आणि बनावट मालाचा धोकाही कमी होईल.

शेवटी जळक्या ऑइलविषयी. वाळवीसाठी ते कुंपणाच्या खांबांना फासण्याची किंवा झाडांच्या बुंध्याशी ओतण्याची पद्धत जुनी आहे. परंतु त्यात झिजलेल्या धातूंचे अंश व घातक घटक असतात आणि ते माती व विहिरीच्या पाण्यात उतरतात. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. ते कॅनमध्ये साठवून अधिकृत संकलकाकडे द्यावे. वाळवीसाठी वारुळातील राणी नष्ट करणे आणि शिफारशीत कीटकनाशकाचा वापर करणे हाच योग्य उपाय आहे.

छाटणीची तारीख ठरविताना ट्रॅक्टरच्या मीटरवरील तासही पाहावेत. २५० तास फवारणीच्या ऐन दिवसांत पूर्ण होणार असतील, तर तेल व फिल्टर आठवडाभर आधीच बदलून घ्यावेत आणि एक जादा फिल्टर घरी ठेवावा.