चढाईपटूंची फेरिस्त

पौष पौर्णिमेला आंबेगाव तालुक्यातील नागापूरच्या थापलिंगावर खंडोबाची यात्रा भरते आणि पुढे चैत्र उजाडला की जुन्नर, आंबेगाव, खेड या तालुक्यांतील गावोगावच्या घाटांत बैलगाडे धावू लागतात, हे उत्तर पुणे जिल्ह्यातील वाचकांस सांगण्याचे प्रयोजन नाही. परंतु या शर्यतीचा एक विशेष इतर प्रांतांतील लोकांच्या ध्यानी सहसा येत नाही, तो असा की येथे गाडा दुसऱ्या गाड्याशी धावत नाही, घड्याळाशी धावतो. सातारा-सांगलीकडच्या मैदानांत गाड्या शेजारीशेजारी उभ्या राहून एकदम सुटतात आणि जी पुढे ती जिंकली, असा रोखठोक निवाडा होतो. आमच्या घाटात मात्र आपली बारी आली की एकेक गाडा एकटाच सुटतो, चढ चढून निशाणापार जातो आणि त्यास किती सेकंद लागले यावरून त्याचा नंबर ठरतो. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बंद पडलेली ही परंपरा १६ डिसेंबर २०२१ रोजी सशर्त पुन्हा सुरू झाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने शर्यतींस मुभा देणारा राज्याचा कायदा ग्राह्य धरला, तेव्हा घाटांतील घड्याळे पुन्हा चालू झाली.

मात्र घाटावर वर्षानुवर्षे उभा राहणारा जाणता प्रेक्षक सेकंदाचा आकडा ऐकून तेवढ्यावर समाधान मानत नाही. गाड्यास चार बैल असतात, सेकंद चौघांचा मिळून असतो, मग पुढच्या जोडीत कोण होते, मागे कोण होते, गेल्या घाटात याच बैलाबरोबर दुसरा कोणी जुंपला होता काय, इतकी चौकशी करूनच तो एखाद्या बैलाविषयी आपले मत बनवतो. आकडा एकाच्या नावे मांडलेला असला तरी त्यात इतरांचा वाटा किती, हा त्याचा प्रश्न. आणि हल्ली तरुण मंडळी मोबाइलवर ज्या ‘फँटसी’ खेळात आपापले संघ मांडून बसतात, त्या खेळात कबड्डीच्या चढाईपटूंची फेरिस्त लावताना नेमका हाच प्रश्न विचारावयाचा असतो, असे मला वाटते.

हा खेळ ज्यांस ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करणे अवश्य आहे. प्रत्यक्ष मैदानावर खेळणाऱ्या निरनिराळ्या संघांतील खेळाडू निवडून आपण कागदावर एक संघ बांधावयाचा. प्रत्येक खेळाडूस एक किंमत लावलेली असते आणि आपणास ठरावीक भांडवल दिलेले असते, सबब सगळेच अव्वल गडी घेता येत नाहीत. पुढे सामन्यांत ते खेळाडू जे काही करतील त्याचे गुण आपल्या खात्यात जमा होतात, आणि ज्यास आपण कर्णधार नेमले त्याचे गुण बहुधा दुप्पट धरले जातात. १९६२ साली अमेरिकेतील ओकलंडच्या बिल विंकेनबाख आणि त्याच्या मित्रांनी तिकडच्या फुटबॉलवर अशी मांडणी प्रथम केली. इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा या धर्तीचा अधिकृत खेळ २००२ पासून चालू आहे. आपल्याकडे त्याचे लोण क्रिकेटमार्गे आले आणि २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाल्यावर कबड्डीतही पसरले. पैसे लावून हा डाव मांडण्याचा जो मोठा व्यापार वाढला होता, तो ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद झाला, याबद्दल मला तरी खेद नाही. बिनपैशांची मोजदाद उरली आहे, आणि बुद्धीस खाद्य मिळण्यास ती पुरेशी आहे.

फुटबॉलमध्ये जो मान आघाडीच्या खेळाडूस, तोच कबड्डीत चढाई करणाऱ्या गड्यास. त्याने तीस सेकंदांच्या आत, दम न तोडता, समोरच्या सातांच्या अंगणात जाऊन निदान निदानरेषा तरी ओलांडावयाची, जमल्यास गडी टिपावयाचे आणि मध्यरेषेवर परतावयाचे. टिपलेल्या प्रत्येक गड्यामागे एक गुण, आणि समोर सहा वा सात बचावपटू उभे असताना बोनस रेषा साधली तर आणखी एक. सामना चाळीस मिनिटांचा, चढाई तीस सेकंदांची. म्हणजे प्रत्येक चढाई पूर्ण वेळ चालली असे धरले तर एकूण ऐंशी चढाया, प्रत्येक संघाच्या वाट्यास चाळीस. फेरिस्तीची सुरुवात खेळाडूच्या नावापासून न करता या चाळिसापासून करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. या चाळिसांपैकी किती चढाया अमुक गड्यास मिळणार, हे त्याच्या कौशल्यावर जितके अवलंबून तितकेच त्याच्या संघात दुसरा विश्वासू चढाईपटू आहे की नाही यावरही अवलंबून असते.

आणि येथेच कबड्डीचा तो नियम आडवा येतो, जो फुटबॉलमध्ये नाही. पकडला गेलेला चढाईपटू बाद होऊन बाकावर जाऊन बसतो आणि त्याच्या साथीदारांनी गुण मिळवल्यावाचून सहसा पुन्हा जिवंत होत नाही. बोनसच्या गुणाने तर कोणी जिवंत होतच नाही, त्यासाठी गडी टिपावा लागतो किंवा पकड व्हावी लागते. समोरच्या संघाचा मुख्य चढाईपटू बसला की शहाणे कर्णधार मुद्दाम रिकाम्या चढाया करवून घड्याळ पुढे ढकलतात, हे कबड्डी पाहणाऱ्या कोणासही माहीत आहे. याचा अर्थ असा की एखाद्या चढाईपटूने हंगामात किती गुण घ्यावे हे पुष्कळ अंशी त्याच्याच संघाचे कोपरारक्षक ठरवतात. उजवा आणि डावा कोपरा मजबूत असेल तर पकडी होतात, आणि पकडी झाल्या की बसलेला गडी उठतो; कोपरे ढिले असतील तर तो चार-चार मिनिटे बाकावर बसून सामना पाहतो आणि आपल्या खात्यात काही जमा होत नाही. चढाईपटूची पारख करताना त्याच्या मागे कोण उभे आहे हे प्रथम पाहावे, असे म्हटले तर नवख्यास ते विचित्र वाटेल, परंतु घाटात पुढच्या जोडीची चौकशी करणाऱ्यास वाटणार नाही.

याच हिशेबाची एक उलटी बाजूही आहे आणि ती गमतीची आहे. ज्या संघाचा बचाव कच्चा, त्याच्यासमोर प्रतिस्पर्ध्याचे सहा-सात गडी सदैव शाबूत उभे असतात, कारण त्यांना बाद करणारे कोणी नसते. आणि सहा-सात गडी उभे असले म्हणजे बोनस खुला राहतो. म्हणून हरणाऱ्या संघातील पायाने लांब असा बोनसपटू गुणांच्या यादीत अपेक्षेपेक्षा वर दिसतो. उलट दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसरी चढाई ‘करा किंवा मरा’ अशी येते आणि तीत गुण न मिळाल्यास गडी बाद होतो. ही अवघड कामगिरी संघातील ज्या दुय्यम चढाईपटूवर नित्य सोपवली जाते, त्याचे खाते मात्र पोकळच राहते. संघास तो हवा असतो, कागदावरच्या संघास नको असतो.

आता नावांकडे येऊ. प्रो कबड्डीच्या २०१७ मधील पाचव्या हंगामात पाटण्याच्या परदीप नरवालने २६ सामन्यांत चढाईचे ३६९ गुण मिळवले, म्हणजे दर सामन्यास चौदांहून अधिक. त्या हंगामात पाटण्याने अजिंक्यपदही पटकावले. २०१९ मध्ये बंगळूरच्या पवन सेहरावतने हरियाणाविरुद्ध एकाच सामन्यात ३९ गुण घेतले. २०२४ च्या अकराव्या हंगामात पाटण्याच्याच देवांक दलालने २५ सामन्यांत ३०१ गुण केले, परंतु बालेवाडीला झालेल्या अंतिम सामन्यात पाटणा हरियाणाकडून ३२–२३ असा पराभूत झाला, आणि विजेत्या हरियाणाचे बळ चढाईत होते त्याहून अधिक बचावात होते. थोडक्यात, यादीच्या माथ्यावरचा चढाईपटू आणि माथ्यावरचा संघ यांचा संबंध कधी जुळतो, कधी जुळत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच जिल्ह्याचे आहे. दहाव्या हंगामात पुणेरी पलटणने १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणास २८–२५ असे नमवून पहिले विजेतेपद मिळवले. त्या संघाचा कर्णधार अस्लम इनामदार हा जुन्नरच्या शीवेस लागून असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. आकाश शिंदे नाशिककडचा. पंकज मोहिते आणि मोहित गोयत हेही आपापल्या परीने चढाई करणारे. अंतिम सामन्यात मोहितेने एकाच चढाईत चार गुण खेचून पारडे फिरवले. प्रशिक्षक बी. सी. रमेश यांनी चढायांचे असे वाटप केले होते की प्रतिस्पर्ध्यास एका गड्यावर जाळे टाकताच येऊ नये. भागीदारीच्या या शेतीत कोणाचेच कोठार एकट्याने भरले नाही, आणि हंगामातील सर्वोत्तम चढाईपटू म्हणून गौरव झाला तो दिल्लीच्या आशू मलिकचा. बचावाची बाजू इराणच्या मोहम्मदरेझा शादलूईने सांभाळली, ज्याच्यासाठी पलटणने २ कोटी ३५ लाख रुपये मोजले होते. नारायणगावात किंवा मंचरला बसून ज्या कोणी आपुलकीपोटी पलटणचे तीन चढाईपटू आपल्या कागदी संघात घेतले असतील, त्यास चषकाचा आनंद पुरेपूर मिळाला असेल, गुण मात्र बेताचेच. अस्लमपुरता अपवाद करावा लागेल, कारण तो चढाईबरोबर पकडही करतो, आणि दोन खात्यांतून जमा होणारा गडी नेहमीच एका खात्याच्या गड्यापेक्षा भरवशाचा.

खाते किंवा वर्ग कोणता, हा मुद्दा फुटबॉलमध्येही तितकाच निर्णायक आहे. प्रीमियर लीगच्या वर सांगितलेल्या खेळात लिव्हरपूलच्या मोहम्मद सलाहने २०२४-२५ च्या हंगामात ३४४ गुणांचा उच्चांक केला. तो खेळतो आघाडीवर, परंतु त्या खेळाच्या दफ्तरी त्याची नोंद मध्यफळीत होती, आणि मध्यफळीच्या खेळाडूस गोलामागे पाच गुण मिळतात, आघाडीच्यास चार. तोच गोल, तोच पाय, केवळ नोंद निराळी.

किमतीचा विचार तर सर्वांत शेवटी केला जातो, वास्तविक तो सर्वांत आधी व्हावा. इंग्लंडमधील २०२३-२४ च्या हंगामात एर्लिंग हालँडची किंमत १०० पैकी १४ होती आणि त्याने २१७ गुण दिले. कोल पामर नावाचा तरुण ५ मध्ये मिळत होता, त्याने २४४ दिले. पामर हालँडहून थोर खेळाडू होता असे कोणी म्हणणार नाही, परंतु ज्याने त्यास आरंभी घेतले त्याच्या हाती उरलेल्या नऊंत आणखी एक चांगला गडी बसला. कबड्डीतही चढाईपटूचे मोल त्याच्या एकूण गुणांनी करू नये. त्याच्या जागी स्वस्तातला जो गडी सहज मिळाला असता त्याने किती दिले असते, तेवढे वजा करून उरेल ते खरे मोल. समजा, महागडा गडी सामन्यास बारा गुण देतो आणि निम्म्या किमतीचा आठ. तर आपण दुप्पट दाम मोजतो ते बारा गुणांसाठी नव्हे, चारांसाठी, आणि त्याच दामात बचावाची जागा किती सुधारली असती याची तुलना केल्यावाचून ते चार महाग की स्वस्त हे सांगता येत नाही.

शिवाय शरीर हे शरीर आहे. नवव्या हंगामासाठी तमिळ थलैवाजने पवन सेहरावतला सव्वादोन कोटींहून अधिक देऊन घेतले, आणि २०२२ च्या ऑक्टोबरात पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून त्याचा संपूर्ण हंगाम बुडाला. पुढच्या हंगामात तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाखांवर बोली नेली, तो खेळलाही चांगला, आणि संघ मात्र २२ पैकी दोन सामने जिंकून शेवटच्या क्रमांकावर राहिला. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई सहाव्या हंगामात यू मुंबाकडून असा तळपला की दुसऱ्या वर्षी त्यास १ कोटी ४५ लाख मिळाले. दोन वर्षांनी दुखापतीने त्यास हंगामाच्या आरंभीच बाहेर बसवले. दांडगाईने, खांद्याच्या जोरावर तीन-तीन गड्यांस ओढत मध्यरेषा गाठणारा चढाईपटू पाहण्यास विलक्षण, परंतु फेरिस्तीत त्यास मी चपळ बोनसपटूच्या एक पायरी खाली ठेवीन. लांब हंगामात अंगावर पडणाऱ्या माणसांची संख्याही मोजावी लागते.

म्हणून यादी लिलावानंतर लागलीच करून मोकळे होऊ नये. लिलाव सांगतो तो मालकांचा अंदाज. पहिल्या तीन-चार सामन्यांत मात्र कर्णधार पहिली चढाई कोणास देतो, तिसरी कोणावर लोटतो, मुख्य गडी बाद झाल्यावर त्यास उठवण्यास किती वेळ लागतो, एवढे कागदावर टिपून ठेवले तर गुणांच्या तक्त्यात न दिसणारे पुष्कळ काही हाती लागते. मग पहिल्या जागी तो चढाईपटू घ्यावा ज्याच्या संघात दुसरा चढाईपटू नाही पण कोपरे पक्के आहेत. दुसऱ्या जागी तो, ज्यास चढाई-पकड दोन्ही येतात. आणि पलटणचा एखादा गडी, ज्यास घेतल्यावाचून पुणे जिल्ह्यातील माणसास चैन पडत नाही, तो घ्यावाच, फक्त त्यास कर्णधार करू नये.