हरमल : सडा, गोडे तळे आणि मिरची

गोव्याच्या उत्तर टोकाला, पेडणे तालुक्याच्या किनाऱ्यावर हरमल हे गाव वसलेले आहे. उत्तरेस पालये व त्यापलीकडे केरी आणि तेरेखोल नदीचे मुख, दक्षिणेस मांद्रे, पश्चिमेस अथांग अरबी समुद्र आणि पाठीशी जांभ्या दगडाचा सडा असा हा परिसर आहे. देवदर्शनास येणारे बहुतेक भाविक समुद्र पाहून परततात. या भूमीची थोडी अधिक ओळख करून द्यावी, या हेतूने आम्ही हा लेख सादर करीत आहोत.

भगवान परशुरामांनी समुद्र मागे हटवून ही भूमी निर्माण केली, ही कथा कोकणात सर्वश्रुत आहे. त्यांनी केलेल्या यज्ञाचे स्थान हरमलच्या डोंगरात होते आणि तेथे आढळणारी राखेसारखी पांढरी माती ही त्या यज्ञाची विभूती होय, अशी परंपरागत श्रद्धा आहे. त्यामुळे हा डोंगर भाविकांना पूजनीय वाटतो.

इतिहासाच्या दृष्टीनेही या भागाचे वेगळेपण आहे. पेडणे महाल सावंतवाडीच्या भोसले संस्थानाकडे होता. तेरेखोलचा किल्ला पोर्तुगीजांनी १७४६ साली घेतला, तर पेडणे १७८८ साली त्यांच्या ताब्यात गेले. तिसवाडी, बारदेश व सासष्टी येथे सोळाव्या शतकात मंदिरांचा जो विध्वंस झाला, त्यातून हा महाल वाचला. येथील देवस्थाने, दसऱ्याची तरंगे व मराठी शिक्षणाची परंपरा टिकून राहिली, त्याचे हे एक मोठे कारण होय.

हरमलच्या किनाऱ्यावरून खडकाळ पायवाटेने उत्तरेकडे गेल्यास पालयेच्या बाजूस गोड्या पाण्याचे तळे लागते. समुद्र आणि तळे यांच्यामध्ये केवळ वाळूचा पट्टा आहे, तरीही पाणी गोडे! याचे कारण सड्यात आहे. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. जांभा दगड सच्छिद्र असल्याने त्यातील बरेच पाणी आत मुरते, खालच्या चिकण थरावर अडते आणि डोंगराच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. पायथ्याच्या विहिरींनाही हेच मुरलेले पाणी मिळते.

गावाचा पूर्वापार चरितार्थ भातशेती, माड, काजू व मासेमारी यांवर चालत आला. भात कापून झाल्यावर त्याच जमिनीत मिरचीची लागवड होते. गडद लाल रंगाची, तिखट अशी हरमलची मिरची गोव्याच्या स्वयंपाकघरांत मानाचे स्थान राखून आहे. २०२१ साली तिला भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. एखाद्या मालाचा गुण विशिष्ट भूमीशी जोडलेला असेल तरच असे मानांकन मिळते. म्हणजे कायद्यानेही या मिरचीचे नाव येथील मातीशी बांधले आहे.

१९७० च्या दशकापासून परदेशी प्रवासी या बाजूस येऊ लागले. खोल्या, खानावळी, वाहने यांतून अनेक कुटुंबांना उत्पन्न मिळाले. मुलांची शिक्षणे झाली. हे नाकारणे योग्य होणार नाही. जानेवारी २०२३ मध्ये मोपा येथील विमानतळावरून विमानसेवा सुरू झाल्यापासून पेडण्यातील जमिनीकडे बाहेरच्यांचे लक्ष अधिकच वळले आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी, अशी आमची नम्र विनंती आहे. मिरचीला पाणी लागते ते भातकापणीनंतरच्या कोरड्या महिन्यांत, आणि पर्यटकांचा हंगामही तोच. दोघांचे पाणी एकाच सड्यातून येते. सडा कापून काँक्रीट घातले तर पाऊस मुरणार नाही, वाहून जाईल. मग झरे आटतील, विहिरी खालावतील, शेत पडीक राहील. आणि ज्या तळ्यासाठी प्रवासी येतात तेही उरणार नाही.

म्हणून भाविक व सभासद बंधुभगिनींनो, ज्यांची सड्यावर वा शेतात वडिलोपार्जित जमीन आहे, त्यांनी विक्रीपूर्वी घरातील सर्वांशी विचारविनिमय करावा. चतुर्थीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांनी आपले शेत पडीक असल्यास ते गावातील कष्टकऱ्यास कसण्यास द्यावे. घरचे मिरचीचे बियाणे दरवर्षी राखून ठेवावे. तळ्यात निर्माल्य, साबण वा प्लास्टिक टाकू नये. परशुरामांची म्हणून ज्या डोंगराला आपण हात जोडतो, तो डोंगर राखणे हीसुद्धा सेवाच आहे, असे आम्ही मानतो.