स्त्रियांची अतिरोमता आणि अंतःस्रावी ग्रंथी

सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला एखाद्या सकाळी आरशात ओठावर किंवा हनुवटीखाली काळे, राठ केस दिसतात आणि त्या दिवसापासून ती चारचौघांत मिसळावयास बिचकू लागते. आईच्या ध्यानी ही गोष्ट आली, की डाळीचे पीठ, हळद आणि साय यांचे लेप सुरू होतात; पुढे दोऱ्याने केस काढणे, मेणाच्या पट्ट्या, वस्तरा हे उपाय येतात. लग्न जमण्यात अडचण नको म्हणून घरातही या विषयाची वाच्यता दार लावूनच होते. डॉक्टरांचा सल्ला घेण्याचा विचार मात्र सर्वांत शेवटी सुचतो. वस्तुतः तो सर्वांत आधी सुचावयास हवा. कारण हे केस पुष्कळदा शरीराच्या आत चाललेल्या बिघाडाची पहिली दृश्य खूण असतात.

मनुष्याच्या अंगावरील केस दोन प्रकारचे असतात. एक लव, म्हणजे मऊ, आखूड व जवळजवळ रंगहीन केस. दुसरे लांब, जाड व काळे राठ केस. ज्या रोमकूपांतून हे केस उगवतात त्यांची संख्या जन्मापूर्वीच ठरलेली असते. स्त्रीच्या हनुवटीवरही रोमकूप असतातच. फरक एवढाच, की तिच्या रोमकूपांतून लव उगवते आणि पुरुषाच्या रोमकूपांतून दाढी. हा फरक घडवून आणतात ती अँड्रोजेन वर्गातील हॉर्मोने. टेस्टोस्टेरोन हे त्यांतील प्रमुख. ते त्वचेत पोचले, की तेथील एका एन्झाइमाच्या योगाने त्याचे अधिक प्रबळ रूप तयार होते आणि लवेचे राठ केसांत रूपांतर होऊ लागते. ओठ, हनुवटी, छाती, ओटीपोट, पाठ आणि मांड्या येथील रोमकूपांवर त्याचा प्रभाव विशेष पडतो. डोक्यावर मात्र परिणाम उलट होतो. तेथे तेच हॉर्मोन केस विरळ करते.

अँड्रोजेनांना पुरुषांची हॉर्मोने म्हणण्याचा प्रघात आहे. तथापि प्रत्येक निरोगी स्त्रीच्या शरीरातही ती अल्प प्रमाणात तयार होतात; बीजांडकोशांत आणि मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथींत. वयात येताना मुलीच्या काखेत केस येतात ते त्यांच्यामुळेच. म्हणून अतिरोमता असलेल्या स्त्रीच्या स्त्रीत्वाविषयी शंका घेणे अज्ञानाचे द्योतक होय. ही अवस्था दोन प्रकारे उद्भवते. एक तर हॉर्मोनांचे प्रमाण वाढते, किंवा प्रमाण योग्य असूनही रोमकूप अधिक संवेदनशील असतात. दुसरा प्रकार बहुधा आनुवंशिक असतो. भूमध्य समुद्राभोवतालच्या प्रदेशांतील व भारतातील स्त्रियांच्या अंगावर चीन-जपानकडील स्त्रियांपेक्षा केस अधिक असतात, तो याच भेदामुळे. आई-मावशीच्या ओठावरही थोडे केस असतील आणि मुलीची पाळी नियमित असेल, तर काळजीचे कारण सहसा नसते. केसांची वाढ किती हे ठरविण्यासाठी फेरिमन आणि गॉलवे यांनी १९६१ साली इंग्लंडमध्ये शरीराच्या निरनिराळ्या भागांस गुण देण्याची पद्धत घालून दिली. तिचेच सुधारलेले रूप आज वापरात आहे.

हॉर्मोने वाढल्यामुळे होणाऱ्या अतिरोमतेचे सर्वांत मोठे कारण म्हणजे बीजांडकोशांचा एक विकार. शिकागो येथील स्टाइन आणि लेव्हेंथाल या डॉक्टरांनी १९३५ साली सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांचे बीजांडकोश मोठे झालेले व बारीक बारीक पुटकुळ्यांनी भरलेले होते, पाळी बिघडलेली होती, आणि त्यांपैकी काहींच्या अंगावर केसांची वाढ अधिक होती. आज घरोघरी ‘पीसीओएस’ या नावाने ऐकू येतो तो हाच विकार. त्या पुटकुळ्या म्हणजे गाठी नव्हेत. पूर्ण पक्व न होता मध्येच थबकलेल्या बीजांडांच्या त्या पिशव्या असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रजननक्षम वयातील १० ते १३ टक्के स्त्रियांना हा विकार असतो, आणि त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांना त्याची कल्पनाच नसते.

या विकाराचा संबंध केवळ बीजांडकोशांशी नाही, याची चाहूल त्याहीपूर्वी लागली होती. पॅरिसमध्ये अशार आणि त्येर या डॉक्टरांनी १९२१ साली दाढी असलेल्या स्त्रियांतील मधुमेहाचे वर्णन केले होते. हनुवटीवरील केस आणि रक्तातील साखर यांची ही सांगड त्या काळी विलक्षण वाटली असेल. पुढे रक्तातील इन्सुलिन मोजण्याची रीत सापडली आणि १९८० साली या विकाराच्या स्त्रियांत इन्सुलिन वाजवीपेक्षा अधिक असल्याचे दिसून आले. शरीर इन्सुलिनाला दाद देईनासे झाले, की स्वादुपिंड ते अधिकाधिक स्रवू लागते. हे जादा इन्सुलिन बीजांडकोशांना अधिक अँड्रोजेन बनविण्यास प्रवृत्त करते. शिवाय यकृतात तयार होणारे आणि टेस्टोस्टेरोनाला बांधून ठेवणारे प्रथिन त्यामुळे कमी होते. मोकळे टेस्टोस्टेरोन मग रोमकूपांवर आपला अंमल गाजवते. मानेची व काखेची त्वचा मखमलीसारखी काळवंडणे ही याच घडामोडींची आणखी एक खूण. ती घासून जात नाही; मळ समजून मुलीला बोल लावणे अन्यायाचे आहे.

इतर कारणे विरळ, पण ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. अधिवृक्क ग्रंथींतील जन्मजात एन्झाइमदोष, कॉर्टिसोल वाढविणारा कुशिंगचा विकार आणि काही औषधे यांनीही केस वाढतात. गोरेपणासाठी डॉक्टरांना न विचारता चेहऱ्यावर लावल्या जाणाऱ्या स्टेरॉइडयुक्त मलमांनीही चेहऱ्यावर केस उगवतात. मात्र केस काही महिन्यांतच झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, कपाळाच्या दोन्ही बाजूंना टक्कल पडू लागले किंवा पाळी एकाएकी थांबली, तर एक दिवसही दवडू नये. बीजांडकोशात किंवा अधिवृक्क ग्रंथीत अँड्रोजेन स्रवणारा अर्बुद असल्याची शक्यता अशा वेळी तपासावी लागते.

वस्तऱ्याने केस काढल्यास ते दाट येतात, ही समजूत खरी नाही. कापलेले टोक बोथट असल्यामुळे ते केवळ राठ भासते. मुळाशी काहीच बदल होत नाही. केस काढण्यात वावगे काही नाही, पण तेवढ्याने कारण नाहीसे होत नाही. डॉक्टर प्रथम पाळीची माहिती विचारतात, नंतर टेस्टोस्टेरोन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन व साखर यांची रक्तपरीक्षा, आणि गरज वाटल्यास सोनोग्राफी करवितात. वजन अधिक असल्यास ते थोडे उतरले तरी पाळी सुधारू लागते. औषधांत हॉर्मोनांच्या गोळ्या किंवा स्पायरोनोलॅक्टोन दिले जाते. स्पायरोनोलॅक्टोन घेत असताना गर्भधारणा टाळावी लागते, कारण ते गर्भातील मुलग्याच्या वाढीस बाधक ठरू शकते. लेसरने किंवा विजेच्या सुईने राठ झालेल्या केसांची मुळे निकामी करता येतात. गुण दिसण्यास मात्र निदान सहा महिने लागतात, कारण प्रत्येक केसाचे वाढीचे व गळण्याचे स्वतःचे चक्र असते. महिन्याभरात फरक नाही म्हणून उपचार सोडणे हीच सर्वांत सामान्य चूक होय.

लेपाने झाकलेला केस दोन दिवसांनी पुन्हा वर येतो. त्यामागचा बिघाड मात्र वर्षानुवर्षे आत मुरत राहतो आणि कधी अपत्यप्राप्तीच्या वेळी, तर कधी चाळिशीत मधुमेहाच्या रूपाने प्रकट होतो. मुलगी आरशापुढे मान खाली घालून उभी असेल, तर आईने तिची पाळी नियमित आहे का हे आस्थेने विचारावे आणि तिला डॉक्टरांकडे न्यावे. लग्नाच्या बाजारात दडविण्याजोगे येथे काही नाही. वेळीच उपचार करण्याजोगे मात्र पुष्कळ आहे.