खसखशीमुळेही चाचणी ‘सकारात्मक’

अनारशावरची खसखस नशा आणत नाही. मात्र अफूच्या बोंडातील चिकाचा अंश दाण्यांना चिकटलेला राहतो आणि त्यातील मॉर्फिन व कोडीन लघवीत उतरते. कार्यस्थळावरील प्राथमिक चाचणी द्रव्य ओळखते. ते ताटातून आले की नशेतून, हे तिला कळत नाही. म्हणूनच अमेरिकेने १९९८ मध्ये संघराज्य कर्मचाऱ्यांच्या चाचणीतील अफूजन्य द्रव्यांची मर्यादा प्रति मिलिलिटर ३०० वरून २,००० नॅनोग्रॅमवर नेली. हेरॉइनचे सेवन ओळखण्यासाठी ६-असिटिलमॉर्फिन शोधले जाते. ते खसखशीतून येत नाही. भारतात वैमानिक व हवाई वाहतूक नियंत्रकांच्या चाचण्यांतही अफूजन्य द्रव्ये तपासली जातात. पोस्तो रोजच्या जेवणात असलेल्या बंगालसह सर्वत्र, नोकरीचा निर्णय होण्यापूर्वी पुष्टीकरण चाचणी अपरिहार्य ठरते.