विजयाचे अजीर्ण

मुंबईच्या क्रिकेट संघाने १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत रणजी करंडक सलग पंधरा वर्षे आपल्याकडे ठेवला. सत्तरी ओलांडलेल्या कोणत्याही मराठी क्रिकेटप्रेमीला हा पंधराचा आकडा पाठ असतो. पण या पंधरा अंतिम सामन्यांत समोर कोण उभे होते, असे विचारले तर बहुतेक जण अडखळतात. त्यांपैकी सात वेळा तो संघ राजस्थानचा होता, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. याउलट मे १९९१ मध्ये वानखेडे मैदानावर हरयाणाने मुंबईला अवघ्या दोन धावांनी हरवले, तो दिवस मात्र तपशीलवार आठवतो. विजयासाठी हव्या असलेल्या ३५५ धावा, सचिन तेंडुलकरच्या ९६, दिलीप वेंगसरकरच्या नाबाद १३९ आणि सामना संपल्यावर त्याच्या डोळ्यांत आलेले पाणी, यांतले काहीच लोक विसरलेले नाहीत. पंधरा विजयांचा तपशील पुसला गेला आणि एका पराभवाचा कायम राहिला, असे का व्हावे?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला याचे एक उत्तर पहिल्याच वर्षी शिकवले जाते. घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धांत सांगतो की, भुकेल्या माणसाला पहिली भाकरी अमृतासारखी लागते, दुसरी गोड लागते, तिसरी पोट भरते आणि पाचवी पुढ्यात आली तर तो ताट सरकवतो. विजयाचेही तसेच. पहिला करंडक गल्लीत पेढे वाटायला लावतो. दहावा करंडक वर्तमानपत्राचे पान उलटताना नजरेखालून जातो. हे उत्तर खरे आहे, पण अर्धेच. या सिद्धांतानुसार विजयांनी तृप्त झालेला रसिक केवळ उदासीन व्हायला हवा. प्रत्यक्षात त्याच्या मनात आणखी काही बदल घडतात, आणि ते उदासीनतेपेक्षा अधिक चिंताजनक असतात.

जोड हवी

पहिला बदल खेळाच्या स्वरूपाशी निगडित आहे. भाकरी एकटा भाजणाराही भाजू शकतो. सामना मात्र एका संघाला एकट्याने निर्माण करता येत नाही. सायमन रॉटेनबर्ग या अर्थशास्त्रज्ञाने १९५६ साली बेसबॉलच्या खेळाडूंच्या श्रमबाजाराविषयी लिहिताना असे दाखवून दिले की, प्रेक्षक पैसे मोजतो ते निकालाच्या अनिश्चिततेसाठी. वॉल्टर नील याने १९६४ साली हाच मुद्दा पुढे नेला. इतर धंद्यांत प्रतिस्पर्धी नाहीसा झाला तर मक्तेदाराचा नफा वाढतो. खेळाच्या धंद्यात प्रतिस्पर्धी दुबळा झाला की विजेत्याचीच मिळकत घटते. जो लुईसारख्या अजिंक्य मुष्टियोद्ध्यालाही आपला गल्ला भरण्यासाठी तोडीचा आव्हानवीर लागतोच, हे नीलचे उदाहरण प्रसिद्ध आहे.

परदेशी पंडितांनी पन्नास-साठच्या दशकांत मांडलेले हे तत्त्व खानदेशातील यात्रेच्या दंगलीत बसणाऱ्या पंचांना पूर्वीपासून ठाऊक होते. त्याला ते ‘जोड लावणे’ म्हणतात. दोन मल्लांची वये, वजने, अंगकाठी, मागच्या कुस्त्या हे सारे पाहून पंच जोड ठरवतात. जोड विजोड झाली की फडातून आरडाओरडा सुरू होतो. एखाद्या नामांकित मल्लाने कच्च्या पोराला क्षणात चीत केले तर टाळ्या पडतात, पण त्यांत रंग नसतो. आणि तोडीस तोड मल्ल अर्धा तास झुंजून बरोबरीत सुटले तरी लोक धोतराची धूळ झटकत समाधानाने घरी जातात. ज्याला जोडच उरली नाही त्या मल्लाविषयी आदर वाटतो. त्याची कुस्ती पाहण्यासाठी दहा मैल चालत जाण्याची उत्कंठा मात्र राहत नाही.

मुंबईला त्या पंधरा वर्षांत हीच अडचण भेडसावत होती. १९७०-७१ साली वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर, अशोक मंकड असे खंदे खेळाडू वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेले असतानाही सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखालील मुंबईने करंडक राखला. १९७२-७३ चा अंतिम सामना मद्रासला झाला. मुंबईच्या १५१ आणि ११३ अशा माफक धावा झाल्या, तरी पद्माकर शिवलकर यांनी १६ धावांत आठ आणि १८ धावांत पाच बळी घेऊन तमिळनाडूला ८० आणि ६१ धावांत गुंडाळले. गोलंदाजीचा हा पराक्रम अलौकिक होता. पण पंधराव्या करंडकाच्या ओझ्याखाली तो दबून गेला. एखाद्या दुर्बळ संघाच्या पहिल्या करंडकासाठी कोणी हीच कामगिरी केली असती, तर त्या प्रांतात तिच्या कथा आजही सांगितल्या गेल्या असत्या.

आनंदाची जागा धास्ती घेते

दुसरा बदल अधिक सूक्ष्म आहे. डॅनिएल काहनेमान आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली असे प्रतिपादन केले की, माणूस लाभ-हानी शून्यापासून मोजत नाही. त्याने मनात धरलेल्या एका पातळीपासून मोजतो, आणि तेवढ्याच रकमेच्या लाभाने होणाऱ्या आनंदापेक्षा हानीचे दुःख त्याला जास्त होते. सतत जिंकणाऱ्या संघाच्या चाहत्याची ही पातळी हळूहळू वर सरकत विजयाच्या रेषेवरच येऊन बसते. मग जिंकले तर काही मिळाले असे वाटतच नाही. जे आपलेच होते ते राहिले, एवढेच. हरले तर मात्र घरात दरोडा पडल्यासारखे वाटते. त्याच्या वाट्याला आनंद येत नाही, फक्त सुटकेचा निःश्वास येतो.

भारतीय हॉकीने याचा अनुभव साऱ्या देशाला दिला. १९२८ च्या ॲमस्टरडॅमपासून १९५६ च्या मेलबर्नपर्यंत ऑलिंपिकची सहा सुवर्णपदके आपण ओळीने जिंकली. १९३२ साली लॉस एंजेलिसला अमेरिकेवर २४-१ असा विजय मिळवला. त्या स्पर्धेत संघच मुळी तीन होते. १९६० साली रोम येथे अंतिम सामन्यात पाकिस्तानने आपल्याला एका गोलने हरवले. वस्तुतः ऑलिंपिकचे रौप्यपदक ही कोणत्याही देशाने मिरवावी अशी गोष्ट. पण आपल्याकडे ते पदक सुतकासारखे स्वीकारले गेले. पुढे १९८० च्या सुवर्णपदकानंतर चार दशके रिकामी गेली, आणि २०२१ साली टोकियोत जर्मनीला ५-४ असे हरवून भारताने कांस्यपदक मिळवले, तेव्हा देशभर लोकांच्या डोळ्यांत आनंदाश्रू उभे राहिले. एका काळी रौप्य हा अपमान होता. दुसऱ्या काळी कांस्य हा उत्सव झाला. धातू तेच, पातळी बदललेली.

प्रेमाचा झाला हक्क

तिसरा बदल सर्वांत वाईट, कारण त्याची किंमत खेळाडूला मोजावी लागते. ज्याला आपण प्रेम म्हणत होतो त्याचे रूपांतर हक्कात होते. मुंबई इंडियन्स या संघाने २०१३ ते २०२० या काळात पाच वेळा आयपीएलचे विजेतेपद मिळवले. २०२२ साली तो संघ दहांमध्ये दहावा आला. २०२४ साली रोहित शर्माच्या जागी हार्दिक पंड्याकडे नेतृत्व आले, आणि वानखेडेवर, म्हणजे संघाच्या स्वतःच्या अंगणात, स्वतःच्याच कर्णधाराची हुर्यो उडवली गेली. त्या वर्षीही संघ तळाशी राहिला. पुढे जून महिन्यात भारताने विश्वचषक जिंकला, आणि जुलैत त्याच वानखेडेवर त्याच हार्दिकच्या नावाचा जयघोष झाला. नेतृत्वबदलाचा राग हे एक कारण होतेच. पण पाच विजेतेपदांची सवय नसती, तर तो राग इतका कडवट झाला असता का, याचा विचार करावा. सावकाराने थकलेल्या हप्त्यासाठी दारात यावे, तसा हा चाहता मैदानावर येतो.

येथे सावधगिरीचे दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. रणजी सामन्यांची गर्दी ओसरली याचा सारा दोष मुंबईच्या वर्चस्वावर लादता येणार नाही. कसोटीवीर देशी सामन्यांत दिसेनासे झाले, दूरचित्रवाणी आली, १९८३ च्या विश्वचषकानंतर एकदिवसीय क्रिकेटची लाट आली, आणि २००८ पासून आयपीएल आले. अमेरिकेतही न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाने १९४९ ते १९५३ अशी पाच वर्षे ओळीने अजिंक्यपद मिळवले, आणि त्याच काळात त्याच्या मैदानावरील प्रेक्षकसंख्या सुमारे २३ लाखांवरून साधारण १५ लाखांवर आली. पण तेथेही दूरचित्रवाणीचा प्रसार याच वर्षांत झाला होता. कारणे गुंतलेली असतात. तरीही इतक्या विजयांनंतर गर्दी वाढली नाही, एवढे तरी निश्चित म्हणता येते.

उसना विजय

आम्हा खानदेशवासीयांच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. क्रिकेटच्या नकाशात जळगाव, धुळे हे जिल्हे मुंबईकडे येत नाहीत. ते महाराष्ट्र संघाच्या क्षेत्रात येतात. महाराष्ट्राने रणजी करंडक १९३९-४० आणि १९४०-४१ असा दोनदा जिंकला. त्यानंतर तो त्याला लाभला नाही. १९७०-७१ साली अंतिम सामन्यात मुंबईनेच त्याला हरवले, १९९२-९३ साली पंजाबने आणि २०१३-१४ साली कर्नाटकाने. तरीही धरणगावच्या पारावर किंवा अमळनेरच्या स्थानकावर क्रिकेटची चर्चा रंगली, तर ‘आपण’ म्हणजे मुंबई असाच अर्थ गृहीत धरला जातो. नियमाने जो संघ आपला, त्याचे अकरा खेळाडू सांगा म्हटले तर गप्प बसावे लागते.

यात गैर काही नाही. दूरच्या तेजस्वी संघावर जीव जडणे हा मनुष्यस्वभाव आहे. पण विजयामुळे जडलेला जीव विजयाबरोबरच सुटतो. असतील शिते तर जमतील भुते, ही म्हण क्रीडारसिकांनाही लागू पडते. ज्याची निष्ठा गावाशी, शाळेशी, तालमीशी बांधलेली असते, तो पराभवाच्या वर्षीही मैदानावर दिसतो. राजस्थानच्या रसिकाकडे पाहावे. त्याने सात अंतिम सामने मुंबईकडून आणि १९७३-७४ चा कर्नाटकाकडून हरलेला पाहिला. त्याचा संघ करंडक जिंकला तो २०१०-११ साली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा. पन्नास वर्षांच्या उपवासानंतर मिळालेल्या त्या घासाची चव मुंबईच्या चाहत्याला पंधरा वर्षांतही मिळाली नसेल.

विजेत्यालाही ती चव परत मिळू शकते. त्यासाठी मध्ये हरावे लागते. मार्च १९७४ मध्ये बंगलोरला उपांत्य सामन्यात विश्वनाथच्या १६२ धावांच्या आणि पहिल्या डावातील आघाडीच्या बळावर कर्नाटकाने मुंबईची मालिका खंडित केली. पुढच्याच वर्षी मुंबईने अंतिम सामन्यात त्याच कर्नाटकाला हरवले. त्या करंडकाला पुन्हा समोरच्याचे नाव चिकटले होते, आकड्याचे नव्हे. २०१५-१६ नंतर आठ वर्षे वाट पाहून मार्च २०२४ मध्ये विदर्भावर मात करून मिळवलेला बेचाळिसावा करंडकही असाच गोड लागला.

कस वाटून घ्यावा

मग उपाय काय? जिंकणाऱ्याला जिंकू नको असे कोणी सांगणार नाही. उपाय आहे तो दुसऱ्याला सबळ करण्याचा. अमेरिकेतील फुटबॉल संघांनी १९३६ पासून नव्या खेळाडूंची पहिली निवड शेवटच्या क्रमांकाच्या संघाला देण्याची प्रथा पाडली. आयपीएलमध्ये लिलावाच्या वेळी खर्चाची मर्यादा सर्व संघांना सारखी असते. आपल्याकडे याहून सुंदर उदाहरण म्हणजे चंद्रकांत पंडित. मुंबईत घडलेल्या या यष्टिरक्षकाने प्रशिक्षक म्हणून २०१७-१८ आणि २०१८-१९ साली विदर्भाला, आणि २०२१-२२ साली मुंबईलाच अंतिम सामन्यात हरवून मध्य प्रदेशाला करंडक मिळवून दिला. मुंबईची विद्या बाहेर गेली आणि रणजी करंडक अधिक श्रीमंत झाला. २०२४-२५ साली विदर्भाने मुंबईला उपांत्य फेरीत हरवले आणि करंडक तिसऱ्यांदा जिंकला.

हे सूत्र आपल्या तालुक्यातही वापरता येईल. अनेक शाळांत खो-खो, कबड्डीची चांगली सगळी मुले एकाच संघात घातली जातात. तो संघ वर्षानुवर्षे ढाल नेतो, आणि उरलेली मुले कुंपणापाशी उभी राहून टाळ्या वाजवतात. पुढे तेही सोडून देतात. जिंकणाऱ्या मुलांचेही यात भले होत नाही. सलग पाच वर्षे ढाल नेणाऱ्या मुलाला सहाव्या वर्षी खेळाचा आनंद वाटत नाही, हरण्याची भीती वाटते. ९५ टक्के मिळवणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरी ९३ टक्के मिळाले म्हणून जेवणे होत नाहीत, त्यातलाच हा प्रकार. शिक्षकांनी शाळेअंतर्गत सामन्यांत तरी चांगले खेळाडू चार गटांत वाटून द्यावेत, दंगलीतल्या पंचांसारखी नीट जोड लावावी, आणि शेवटच्या मिनिटापर्यंत निकाल कोणालाच कळू देऊ नये. करंडक कपाटात राहतो; खेळ टिकतो तो समोरच्या बाजूला कोणीतरी उभे राहण्याची हिंमत करते म्हणून. ती हिंमत वाढवणे हे विजेत्याच्याही हिताचे आहे.