ओव्हर दिल्यानंतरची पंधरा मिनिटं

तुळजापुरातल्या गर्दीला तिथी असते. आश्विनातलं नवरात्र, मागोमाग पौर्णिमेला सोलापुराकडून रात्रभर चालत येणारे भाविक. त्या दिवसांत दवाखान्यावर ताण येणार हे पंचांगात दिसतं आणि तो कधी ओसरेल हेही दिसतं. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करणाऱ्यांच्या ताणाला मात्र तिथी नाही. जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची. स्मृतिभ्रंश झालेल्या आजी आज हातावर ओरबाडतात, उद्या त्याच हाताने घास भरवून घेतात. सहा महिने ज्या आजोबांना भरवलं ते एका पहाटे जातात आणि संध्याकाळपर्यंत त्या खाटेवर दुसरं कुणी येतं. सिस्टर चादर बदलते, मावशी फरशी पुसते, काम पुढे चालू राहतं.

गेल्या शतकाच्या पन्नाशीच्या दशकाअखेरीस लंडनमधल्या एका रुग्णालयाने इझाबेल मेंझीस या मनोविश्लेषकाला बोलावलं. शिकाऊ परिचारिकांना वॉर्डातल्या प्रत्यक्ष कामावर कसं नेमायचं, एवढंच त्यांना ठरवून हवं होतं. मेंझीसबाईंना दिसलं ते वेगळंच. एकीने सगळ्यांचा ताप बघायचा, दुसरीने सगळ्यांची अंथरुणं करायची. रुग्णाचा उल्लेख नावाने नाही, खाटेच्या क्रमांकाने किंवा बिघडलेल्या अवयवाने. ही शिस्त नुसत्या सोयीसाठी नव्हती. कुणाचंच दुःख फार जवळ येऊ नये म्हणून संस्थेने नकळत उभारलेली ती भिंत होती. गंमत अशी की भिंतीमुळे भीती कमी झालीच नाही, कामातलं समाधान तेवढं गेलं. आपल्याकडेही 'पाच नंबरला बघा गं' हे वाक्य दिवसातून कितीदा कानावर येतं!

या भिंतीला खिडकी पाडण्याचा एक साधा मार्ग म्हणजे सिस्टरने चालवलेली, मनातलं बोलायची छोटी बैठक. बोलल्याने खरंच काही होतं का? मॅथ्यू लीबरमन यांच्या गटाने 2007 साली मेंदूचे स्कॅन घेऊन दाखवलं की, समोरच्या चेहऱ्यावरच्या भावनेला 'राग', 'भीती' असं नाव दिलं की धोक्याची घंटा वाजवणाऱ्या अमिग्डाला या भागाची हालचाल मंदावते. प्रयोगशाळेतल्या छायाचित्रांवरून वॉर्डातल्या रात्रपाळीबद्दल थेट निष्कर्ष काढू नये, पण दिशा कळते. दुसरा दाखला मला अधिक महत्त्वाचा वाटतो. एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या वॉर्डांमध्ये औषधांच्या चुका मोजल्या, तेव्हा चांगल्या चाललेल्या गटांतच चुका जास्त नोंदल्या गेलेल्या निघाल्या. तिथे चुका जास्त होत नव्हत्या, त्या सांगायला कुणी घाबरत नव्हतं.

घाबरायचं नसेल तर बैठक कुणी घ्यायची, हा प्रश्न येतोच. आपल्या आरोग्य खात्याला बैठका नव्या नाहीत. पण त्या आढावा बैठका. रजिस्टर आणा, उद्दिष्ट किती, झालं किती. तिथे मावशी तोंड उघडणार नाही, आणि ट्रस्टी किंवा डॉक्टर समोर बसले तर सिस्टरही नाही. इन्चार्ज सिस्टरने मात्र स्वतः तीच कूस बदललेली असते. शिवाय ड्यूटीचा तक्ता बऱ्याचदा तिच्या हातात असतो, म्हणजे ऐकलेल्यातलं थोडं तरी ती दुसऱ्या दिवशी बदलू शकते. ओरबाडणाऱ्या आजींकडे रोज एकीलाच पाठवायचं नाही, इतकं साधं.

ही रीत परदेशातून आणायची गरज नाही. तुळजापूर तालुक्यातल्याच अणदूरला डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावच्या बायकांना 'भारतवैद्य', म्हणजे गावातल्या आरोग्यसेविका, म्हणून उभं केलं. त्याआधी, 1970 पासून, जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांच्या प्रकल्पात गावोगावच्या आरोग्यसेविका आठवड्याला एकत्र येत, मुक्काम करत. औषधं शिकत, आणि आपल्या गावात काय घडलं, कोण काय बोललं, हेही एकमेकींना सांगत. या बायका वेगवेगळ्या जातींच्या, पुष्कळशा निरक्षर. जामखेडचं यश सांगताना आपण बालमृत्यूचे आकडे सांगतो. माझ्या मते त्या मुक्कामाच्या रात्रींचा हिशेब राहून जातो.

तरीही एक इशारा हवा. अपघातासारख्या धक्क्यानंतर माणसाला एकदाच बसवून सगळं बोलायला लावण्याचा प्रयोग जगभर झाला. त्याचे निष्कर्ष एकत्र तपासल्यावर फायदा दिसला नाही, काहींना उलट त्रासच झाला. तेव्हा बैठक नियमित हवी आणि गप्प बसण्याची मुभाही हवी. वीस खाटांना एकच मावशी असेल तर कितीही बोलून तिची कंबर दुखायची थांबणार नाही. तिथे दुसरी मावशीच नेमावी लागते.

आणि वेळ पगारातली हवी. ड्यूटी सुटल्यावर थांबा म्हटलं, तर गावाकडची एसटी चुकणार म्हणून अर्धी माणसं दाराकडेच बघत बसतील. दुपारी पाळी बदलताना ओव्हर दिला-घेतला जातो, तेव्हा दोन्ही पाळ्यांची माणसं हजर असतात. तीच पंधरा मिनिटं त्यातल्या त्यात सोयीची. रात्रपाळीवाल्यांसाठी दुसरी वेळ काढावी लागेल, आणि बहुतेक ठिकाणी गाडी नेमकी तिथेच अडते.